त्रेचाळिसावा दिवस

२०२५ च्या डिसेंबरच्या अखेरीस मामांचा फोन आला. इथे जर्मनीत, लाइप्झिगमध्ये दुपारचे चार वाजले होते आणि खिडकीबाहेर अंधारायला लागलं होतं. तिकडे साताऱ्यात साडेआठ वाजले होते, मामा दुकान बंद करून घरी आले होते. नाताळच्या दिवशी आणि पुन्हा ३१ तारखेला डिलिव्हरीवाल्या मुलांनी संपाची हाक दिली होती, त्यावर टीव्हीवर चर्चा चालली होती आणि मामांना ती मुळीच पटत नव्हती. "गाडी त्यांची, मोबाइल त्यांचा, मनाला येईल तेव्हा लॉगिन करायचं. म्हणजे धंदाच झाला ना स्वतःचा? मग संप कुणाविरुद्ध? माझ्या दुकानात मंदी आली म्हणून मी कधी संपावर गेलो का?" आणि मी काही बोलायच्या आत, "तू तरी गेलीस का गं कधी?"

नाही गेले. बारा वर्षं झाली, मी इथे स्वतःच्या नावावर काम करते. पुस्तकांची मांडणी, संग्रहालयांच्या प्रदर्शनांचे फलक, कधी एखाद्या प्रकाशकाचा वार्षिक कॅटलॉग. वर साहेब नाही आणि एक तारखेला पगारही नाही. मामांचं हार्डवेअरचं दुकान चाळीस वर्षांचं आहे. आम्हा दोघांना एकमेकांची ओढाताण घरातल्या नोकरदारांपेक्षा जास्त कळते. म्हणूनच त्यांचा प्रश्न मला लागला. त्या दिवशी फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे देते.

आपल्याकडे कामाबद्दल जे बोललं जातं ते गेली दोन-अडीच वर्षं तासांभोवती फिरतं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन ९० वर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. प्रत्येक वेळी आमच्या घरात दोन तट पडले आणि प्रत्येक वेळी कुणीतरी मामांचं उदाहरण दिलं: सकाळी आठला शटर वर, रात्री आठला खाली, रविवारी अर्धा दिवस. बघा, हा माणूस घड्याळाकडे बघत नाही.

तासांचं मला खरंच काही वाटत नाही. मार्चमध्ये इथला पुस्तक मेळा असतो. त्याआधीचे दीड महिने मी रात्री एक-एक वाजेपर्यंत बसते आणि कुणी त्याची नोंद ठेवावी असं माझ्या मनातही येत नाही. काम आपलं आहे, आवडीचं आहे. धंदा करणाऱ्याला मोजावे लागतात ते काम न करता आलेले दिवस. त्याबद्दल मात्र या सगळ्या वादात मी कुणाला बोलताना ऐकलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये एका रात्री इथे पाऊस पडला आणि पहाटे तो रस्त्यावरच गोठला. फुटपाथवर काच पसरल्यासारखं झालं होतं. ट्राममधून उतरताना माझा पाय सटकला आणि सगळं वजन उजव्या हातावर आलं. मनगटाजवळचं हाड मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. एक्स-रे, प्लास्टर, नंतरच्या तपासण्या, कशाचंही बिल घरी आलं नाही. आरोग्यविमा इथे सक्तीचा आहे आणि तो खरोखर कामाला येतो, हे आधी सांगायला हवं.

पण कमाईचं काय? इथे नोकरदार आजारी पडला तर पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, तसा कायदाच आहे. पुढे विमा आजारभत्ता देतो. मला मालक नाही. माझ्यासारख्या स्वतंत्र कलाकाराला आजारभत्ता सुरू होतो तो त्रेचाळिसाव्या दिवसापासून. जास्तीचा हप्ता भरला तर लवकर सुरू होतो, पण मी तो भरला नव्हता. दरमहा तेवढेच पैसे वाचतात म्हणून. आता हाड जुळायला लागतात सहा आठवडे, आणि सहा साती बेचाळीस. प्लास्टर काढायच्या टेबलावर हात ठेवून बसले होते, कापणाऱ्या यंत्राची ती घरघर चालू होती आणि मी मनातल्या मनात हा पाढा म्हणत होते. एक पैसा मिळणार नव्हता.

त्या बेचाळीस दिवसांत मी डाव्या हाताने माउस धरायला शिकले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एका पुस्तकाच्या २०० पानांचे समास एकेक करून सारखे केले. एरवी दोन दिवसांचं ते काम, तेव्हा त्याला अकरा दिवस लागले. एक प्रदर्शन हातचं गेलं. त्यांचा काही दोष नव्हता, उद्घाटनाची तारीख ठरलेली होती.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. उलट, त्या सहा आठवड्यांत मी मोडून पडले नाही याचं कारण इथली एक व्यवस्था आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तिचं जर्मन नाव क्युन्स्टलरझोत्सिआलकासे, म्हणजे कलाकारांचा सामाजिक सुरक्षा निधी. म्हणायला सगळे का-एस-का म्हणतात. १९८१ चा कायदा, १९८३ पासून लागू, कार्यालय उत्तर समुद्राच्या काठी विल्हेल्म्सहाफेन नावाच्या गावात. नोकरदाराच्या पेन्शनचा, आरोग्यविम्याचा आणि दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा हप्ता साधारण अर्धा तो स्वतः भरतो आणि अर्धा मालक. चित्रकार, वादक, लेखक, माझ्यासारखी मांडणी करणारी बाई यांच्या बाबतीत दुसरा अर्धा कुणी भरायचा? कायद्याने उत्तर दिलं: एकूण हप्त्याच्या २० टक्के सरकार भरेल आणि ३० टक्के ते भरतील जे यांच्याकडून काम घेतात. प्रकाशक, जाहिरात संस्था, नाट्यगृहं, संग्रहालयं. काम घेणाऱ्यांकडून त्यासाठी मानधनावर आकार घेतला जातो, २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत तो ५ टक्के होता. मी १०० युरोचं बिल दिलं की मला १०० मिळायचे, आणि प्रकाशक ५ युरो वेगळे त्या निधीत भरायचा.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट एका कलमात आहे. काम करणारा त्या निधीचा सभासद असो वा नसो, काम घेणाऱ्याला आकार भरावाच लागतो. म्हणजे 'सभासद नसलेली मुलगी शोधू, स्वस्तात पडेल' असा विचार कुणी केला तरी त्याचा आकार वाचत नाही. माणसाच्या स्वभावाचा किती बारीक विचार केलेला आहे यात.

२०१३ मध्ये मी स्वतंत्र काम सुरू केलं तेव्हा माझ्याच क्षेत्रातल्या एका जर्मन बाईने कॉफी पिता पिता हे सगळं मला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मालक नसलेल्या माणसासाठी मालकाचा वाटा वसूल करायचा, ही फार वेगळी कल्पना आहे. मी ऐकत होते आणि माझ्या पोटात काहीतरी हलत होतं, कारण मला ही कल्पना माहीत होती. तिचं नावसुद्धा माहीत होतं. आमच्या घरात तो शब्द आठवड्यातून दोनदा तरी यायचा. लेव्ही.

माझे वडील, आबा, माथाडी होते.

जावळी तालुक्यातून मुंबईला आले ते आधी मशीद बंदरच्या दाणाबंदरात, आणि बाजार वाशीला हलल्यावर तिथे. शंभर किलोचं पोतं पाठीवर. लोखंडी हूक घरी आल्यावर दारामागच्या खिळ्याला टांगलेला असायचा, आणि आम्हा भावंडांना त्याला हात लावायची बंदी होती. त्याची लाकडी मूठ आबांच्या तळव्याच्या आकाराने एका बाजूला झिजली होती. मानेखाली, दोन खांद्यांच्या मधे त्यांची कातडी जाड आणि काळसर झाली होती. रात्री आई तिथे तेल चोळायची आणि आबा बसल्या बसल्या झोपून जायचे.

आबा नोकर कुणाचे होते? आज या व्यापाऱ्याचा ट्रक, उद्या त्या. बारा-पंधरा जणांची टोळी, टोळीचा मुकादम, पोत्यामागे दर. हूक त्यांचा, पाठ त्यांची. आले तर मजुरी, नाही आले तर नाही. मामा डिलिव्हरीवाल्या मुलांबद्दल जे बोलतात ते शब्दन् शब्द हमालांबद्दल बोलता आलं असतं, आणि तेव्हा बोललं गेलंच. हमाल आमचा नोकर नाही, मग त्याच्या फंडाची जबाबदारी आमच्यावर कशी?

१९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना होती, आणि पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारखं काम होतं. मला या कायद्याचं मोठं वाटतं ते त्यातल्या युक्तीसाठी. मालक कोण, हा वाद त्याने सोडवायला घेतलाच नाही. एक मालक सापडत नाही ना, मग मधे एक मंडळ ठेवा. त्यावर कामगारांचे, व्यापाऱ्यांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. टोळीची नोंद मंडळात, व्यापाऱ्याची नोंद मंडळात. व्यापारी मजुरी मंडळात भरणार आणि वर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरणार. कामगाराला मजुरी मंडळाकडून मिळणार, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे, औषधपाणी.

जर्मनीतल्या कायद्याच्या बारा वर्षं आधी, ज्यांना सही करायची तर अंगठा पुढे करावा लागे अशा माणसांसाठी. मी त्या बाईला हे सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं.

आबांचा उजवा गुडघा मी दहावीत असताना गेला. फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय घसरला आणि पोतं अंगावर आलं. उपचाराचा खर्च आमच्या घराला झेपणारा नव्हता, तो बोर्डाच्या दवाखान्याने केला. मजुरी बुडाली ती बुडालीच, टोळीने आपापसांत काढून थोडीफार दिली. पुढे मी उपयोजित कलेला प्रवेश घेतला तेव्हाची पहिली फी आबांनी फंडातून उचल घेऊन भरली. माझ्याकडे तेव्हा रंगांचा एक डबा आणि सेकंडहँड ड्रॉइंग बोर्ड होता. दाणाबंदरातल्या कुणा व्यापाऱ्याने पोत्यामागे भरलेले ते पैसे फिरत फिरत माझ्या कॉलेजच्या खिडकीपर्यंत आले, आणि त्यांच्या जोरावर मी आज स्वतःच्या पायावर, मालकाशिवाय उभी आहे. 'स्वतंत्र' हा शब्द मी स्वतःबद्दल वापरते तेव्हा हे मला आठवतं.

माथाडी कायद्याचं आज काय झालं आहे हेही मला ठाऊक आहे. माथाडीच्या नावाखाली कारखान्यांच्या फाटकावर खंडणी मागणाऱ्या टोळ्या आहेत. माझ्या दादाचं रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, सहा माणसं. तिथेही दोनदा असे लोक येऊन गेले. न उचललेल्या मालाचे पैसे मागत होते. दादाला तेव्हापासून माथाडी हा शब्द ऐकला की राग येतो. ज्या शब्दाने आम्हाला वाढवलं त्याच शब्दाचा त्याला राग यावा, याचं मला फार वाईट वाटतं. खंडणीखोरांना तुरुंगात घाला, त्यात दुमत नाही. पण त्यांच्यामुळे कायदाच नको असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या गुडघ्याचा विचार करावा.

आता मामांचा संप. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेत गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे या डिलिव्हरीवाल्या मुलांसारखे काम करणारे, यांची व्याख्या आहे. ॲप चालवणाऱ्या कंपनीने आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरायची, मात्र ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त असणार नाही. मी हे वाचलं आणि पुन्हा वाचलं. ही आबांची लेव्हीच आहे.

म्हणून या तरतुदीचं मी मनापासून स्वागत करते. पण माथाडी मंडळात मजुरीही मंडळातून जायची, दर टोळी आणि व्यापारी बसून ठरवायचे, कुणी किती पोती वाहिली ते कागदावर यायचं. ॲपमध्ये दर कंपनी ठरवते, काम कुणाला द्यायचं ते कंपनी ठरवते, आणि दर काल पन्नास होता तो आज चाळीस का झाला हे मुलाला कुठेच दिसत नाही. मामा, तुमच्या दुकानातल्या खिळ्यांचा भाव तुम्ही लावता. न परवडणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही वाटेला लावता. कुणी गिऱ्हाईक रात्रीतून तुमच्या शटरला कुलूप ठोकू शकत नाही. त्या मुलाचा आयडी बंद झाला की त्याचं दुकान बंद, आणि का बंद झालं हे विचारायला समोर माणूस नसतो. मी प्रकाशकाला माझा दर सांगते, तो नाही म्हणू शकतो, मीही नाही म्हणू शकते. भाव सांगायची मुभा आपल्याला आहे म्हणून आपण दोघं कधी संपावर गेलो नाही. ज्याला ती नाही तो धंदेवाला कसा?

युरोपातही हा वाद मिटलेला नाही. २०२४ मध्ये युरोपीय संघाने प्लॅटफॉर्मवरच्या कामाबद्दल एक निर्देश काढला. कंपनी कामावर ताबा ठेवत असेल तर तो माणूस नोकर आहे असं धरायचं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी कंपनीची. सभासद देशांनी तसे कायदे करायला २ डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. म्हणजे इथल्या सायकलवाल्यांचंही अजून ठरायचंच आहे.

धंदा करणाऱ्याचा दुसरा घोर म्हणजे उधारी. याबाबत तर आपला कायदा इथल्याहून कडक आहे हे ऐकून इथल्या माझ्या मित्रांना आश्चर्य वाटतं. जर्मनीत व्यापारी बिल साधारण ३० दिवसांत चुकतं झालं नाही तर मूळ व्याजदराच्या वर ९ टक्के व्याज आणि ४० युरो दंड लावता येतो. आपल्याकडे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात कमाल मुदत ४५ दिवसांची. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट आणि तेही चक्रवाढ व्याज. त्यावर २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) हे कलम आणलं: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर ते देईपर्यंत तो खर्च उत्पन्नातून वजा करता येणार नाही. यापेक्षा आणखी काय लिहायचं कायद्यात?

आणि तरी. दादाच्या वर्कशॉपमध्ये कुणी खिडकीची जाळी बनवायला आला तर तिथल्या तिथे मोबाइल काढतो आणि पैसे खात्यात. इतकी सोपी सोय मी इथे कुठे बघितली नाही. लाइप्झिगमध्ये अजून कितीतरी दुकानांत रोख पैसे काढावे लागतात. पण मोठ्या कंपनीचं रॅकचं बिल दादाला १२० दिवसांनी मिळतं. मार्च २०२४ मध्ये, नवीन कलमाची सगळीकडे धास्ती असताना, त्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने त्याला सरळ विचारलं: लघु उद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी रद्द करता का? नाहीतर दुसरीकडे काम देऊ. दादाने रद्द केली. मी फोनवर भडकले. तो शांतपणे म्हणाला, "सहा जणांचा पगार तू देणार आहेस का?" मी गप्प बसले.

मला हा अनुभव उलट्या बाजूने आला आहे. एका प्रदर्शनाचे ४,२०० युरो तीन महिने अडकले होते. दोन स्मरणपत्रं पाठवली, मग न्यायालयाच्या आदेशासाठी ऑनलाइन अर्ज भरला. वकील लागत नाही, थोडी फी लागते. न्यायालय आधी दाव्याच्या खरेखोटेपणात शिरत नाही, समोरच्याला आदेश पाठवतं आणि त्याला हरकत घ्यायला दोन आठवडे देतं. नवव्या दिवशी पैसे आले. पुढच्या वर्षी त्याच लोकांनी मला पुन्हा काम दिलं. कुणी तोंड फिरवलं नाही, जुनं उकरून काढलं नाही. पैसे मागण्याला इथे भांडण समजत नाहीत. दादाचं दुखणं हे आहे की आपल्याकडे समजतात. कायद्याचा वापर करणं म्हणजे संबंध तोडणं, असं मोठ्या गिऱ्हाइकाला वाटतं आणि लहान पुरवठादाराने तसं मानून घेतलं आहे. काम घेणारा बाजारात एकटा आणि काम करायला तयार असलेले पन्नास, असं असताना ते बदलणार कसं? इथेही मला माझा आकार मिळतो तो सभासद असले-नसले तरी प्रकाशकाला तो चुकवता येत नाही म्हणून. ४३बी(एच) मध्ये नेमकी ती फट राहून गेली. नोंदणी नसलेल्याला कलम लागू नाही, म्हणून नोंदणीच नको.

मराठी माणूस धंदा करत नाही, हे वाक्य तर मी चाळीस वर्षं ऐकते आहे. परदेशातल्या मराठी मंडळींत ते जरा जास्तच ऐकू येतं. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणाचे २०२३-२४ चे आकडे बघा: देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारातले. शेतकरी त्यात आला, रिक्षावाला आला, भाजीवाली आली, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी सूनही आली. जर्मनीत हेच प्रमाण दहात एकाहूनही कमी. धंदा करणाऱ्यांचा देश कुठला म्हणायचा? जावळीत कोरडवाहू जमीन कसणारे माझे चुलते, पिकाचा भाव स्वतः न ठरवता सगळी जोखीम स्वतः घेणारे, यांना आपण धंदेवाले म्हणत नाही. धाडस आपल्याकडे भरपूर आहे. पडलं तर झेलायला खाली काही नाही, म्हणून घरोघरी आई-वडील मुलाला सांगतात, बाबा रे, सरकारी नोकरीचं बघ. त्यात त्यांचं काय चुकतं?

आणि इथे सगळ्यांना झेलतात असं नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक बाई केस कापण्याचं दुकान चालवते. का-एस-का तिच्यासाठी नाही. आरोग्यविम्याचे दोन्ही अर्धे तीच भरते, आणि महिना वाईट गेला की तिची झोप उडते. कोरोनाच्या पहिल्या लाटेत केंद्र सरकारने पाचपर्यंत माणसं असलेल्या व्यवसायांना ९,००० युरोपर्यंत तातडीची मदत जाहीर केली, पण ती दुकानभाडं आणि यंत्रांच्या हप्त्यांसारख्या धंद्याच्या खर्चासाठी. घरखर्चाला नाही. मी स्वयंपाकघरात काम करते, माझं भाडं धंद्याचं नव्हतं, त्यामुळे मला मागण्यासारखं काही नव्हतंच. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्राने परवानाधारक रिक्षावाल्यांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि घरकामगारांना दीड हजार रुपये दिले. रक्कम लहान होती. पण तिच्यात माणूस काय खाईल याचा विचार होता.

इथे राहण्याच्या परवान्याच्या नियमात एक कलम आहे. युरोपीय संघाबाहेरचा माणूस ४५ वर्षांपुढचा असेल आणि त्याला इथे स्वतःचा व्यवसाय करायचा असेल, तर सहसा त्याला म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. मी आले तेव्हा माझं वय त्याहून कमी होतं, मला कुणी विचारलं नाही. एका ओळखीच्या फोटोग्राफरला विचारलं आणि तो महिनाभर कागद गोळा करत फिरला. जाचक आहे ते. पण सरकार त्यात एक खरा प्रश्न विचारतं, जो आबांच्या बाजूने १९६९ मध्ये विचारला गेला होता आणि मामांना आजवर कुणीही विचारलेला नाही.

रविवारी मी मामांना पुन्हा फोन केला. हे सगळं सांगितलं, लेव्हीपासून खिळ्यांच्या भावापर्यंत. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या त्या फंडात हार्डवेअरवाले घेतात का?" म्हटलं, नाही घेत. "मग? आम्ही कुठे मागितलं कुणाकडे काही? अँजिओप्लास्टी झाली, आठव्या दिवशी दुकान उघडलं." हे आम्ही सगळ्यांनी शंभरदा ऐकलं आहे, घरात ते अभिमानाने सांगितलं जातं.

मागून मामींचा आवाज आला. त्यांनी फोन मागून घेतला. "आठव्या दिवशी शटर मी वर केलं गं. हे मागे खुर्चीत बसून होते, मोळे कुठल्या खोक्यात आहेत तेवढं सांगत होते. दुपारी त्यांना घाम फुटला तेव्हा मी गिऱ्हाइकांना बाहेर काढून पंखा लावला. तीन आठवडे असंच चाललं. हे कुणाला सांगत नाहीत."

मामा काही बोलले नाहीत. टीव्हीचा आवाज तेवढा येत होता, मग तोही कुणीतरी बंद केला.